वाचकांचे प्रश्न : तोंडपाठ वचने

मागील अंकात याच सदरात मी सहज लिहून गेले होते, की वचन पाठ करणे हे आपल्या मंडळ्यांत आता केवळ शब्बाथ शाळेच्या मुलांचे काम उरले आहे आणि मोठ्या माणसांनी ते मुलांच्या गळ्यात घालून स्वतःची सुटका करून घेतली आहे. त्या वाक्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. काही रागावून लिहिलेली, काही प्रांजळ कबुली देणारी. त्यांतील सात पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम सलाम. मी वारकरी घरातला. माझी आजी दिवेलागणीला हरिपाठ म्हणत असे आणि आम्हां नातवंडांकडूनही म्हणवून घेत असे. प्रभूवर विश्वास ठेवल्यानंतर मी त्याच सवयीने रोज संध्याकाळी वचने पाठ म्हणू लागलो. परंतु आमच्याकडे आलेल्या एका उपदेशकांनी मला सर्वांसमोर सांगितले की ही व्यर्थ बडबड आहे आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने तिला मनाई केली आहे. तेव्हापासून वचन म्हणताना मन कचरते. मी चुकतो आहे का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : तुम्ही चुकत नाही. उपदेशकांनी वचन बरोबर सांगितले, लावले मात्र चुकीच्या जागी. मत्तय ६:७ मध्ये प्रभूने ज्या बडबडीला मनाई केली आहे तिचे कारणही त्याने तेथेच दिले आहे : आपण पुष्कळ बोललो म्हणजे देव आपले ऐकेल, असा त्या बोलणाऱ्यांचा समज असतो. आक्षेप त्या समजावर आहे. शब्द ओळखीचे असण्यावर किंवा ते पुन्हा उच्चारण्यावर नाही. कारण त्यानंतर अवघ्या दोन वचनांनी प्रभू शिष्यांना जी प्रार्थना शिकवतो ती गेली दोन हजार वर्षे सगळी मंडळी तोंडपाठ म्हणत आली आहे, आणि तिला बडबड म्हणण्याचे धाडस त्या उपदेशकांनीही केले नसेल.

दुसरी गोष्ट. पहिल्या स्तोत्रातील धन्य पुरुष नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो, असे आपण मराठीत वाचतो आणि डोळे मिटून स्तब्ध बसलेला माणूस आपल्या नजरेपुढे येतो. मूळ हिब्रू शब्द ‘हागा’ असा आहे आणि तो इतका निःशब्द नाही. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द येतो आणि अडतिसाव्या अध्यायात पारव्याच्या घुमण्यासाठीही तोच येतो. म्हणजे तो धन्य पुरुष काहीतरी पुटपुटत होता. ओठ हलत होते, घशातून आवाज येत होता. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात नियमशास्त्राचा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ नये असे देव सांगतो तेव्हाही हाच शब्द वापरलेला आहे, आणि तेथे ‘डोळ्यांपुढून’ असे न म्हणता ‘मुखातून’ असे म्हटले आहे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याच कोकणातील एक उदाहरण तुम्हांला ठाऊक असावे म्हणून सांगते. अलिबाग, रेवदंडा या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी, हिब्रू भाषा आणि ग्रंथ या दोहोंना पारखे झाले होते. पण त्यांच्या परंपरेनुसार ‘शेमा’ ही एक प्रार्थना त्यांच्या तोंडी टिकून राहिली होती. ‘शेमा’ म्हणजे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील ‘हे इस्राएला, श्रवण कर’ हे वचन. त्याच अध्यायात पुढे ही वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलत जा, अशी आज्ञा आहे. ग्रंथ हरवला तरी तोंडातले वचन राहिले. ते राहिले म्हणूनच पुढे त्यांना यहुदी म्हणून ओळखणाऱ्यांना काही धागा सापडला.

तुमच्या आजीविषयीही थोडे. पंडिता रमाबाईंना लहानपणी आईने भागवत शिकवले आणि बाराव्या वर्षापर्यंत त्याचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते, असे सांगतात. त्याच रमाबाईंनी उत्तर आयुष्यात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून पूर्ण झाले. एवढे पाठांतर असलेल्या बाईंनी भाषांतर करताना मात्र साध्या बाईमाणसाला समजेल अशाच मराठीचा आग्रह धरला. पाठांतराला त्या विटल्या नव्हत्या, न समजता केलेल्या पाठांतराला विटल्या होत्या, असे मी त्यावरून समजते. आजीने तुम्हांला दिवेलागणीला बसून मोठ्याने म्हणण्याची सवय दिली आहे. ती कोणाच्या सांगण्यावरून मोडू नका. एवढेच करा, की वचन म्हणून झाल्यावर लगेच उठू नका. त्या वचनाला तुमचे स्वतःचे उत्तर, मग ते दोन शब्दांचे का असेना, देवाला देऊन मग उठा.

प्रश्न : बाई, जय ख्रिस्त. मी सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. आता वेळ आहे म्हणून वचने पाठ करण्याचा निश्चय केला. रोज एक वचन दहा-पंधरा वेळा वाचते, त्या दिवशी ते येतेही. पण आठवड्याने विचाराल तर पाटी कोरी. वय झाले की डोके चालत नाही हेच खरे का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : ताई, वयाला दोष देण्याआधी पद्धत तपासू या, कारण तुम्ही जशा पद्धतीने पाठ करत आहात तशा पद्धतीने वीस वर्षांच्या मुलीलाही आठवड्याने फारसे आठवणार नाही.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले, की पाठ केलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच गळून पडते आणि नंतर गळण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत पंधरा वेळा वाचण्यापेक्षा तीच पंधरा वाचने वाढत्या अंतराने पसरली तर अधिक टिकतात. दुसरी गोष्ट अलीकडची आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून नंतर पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे. तुमची हकीकत नेमकी पहिल्या गटाची आहे : त्या दिवशी येते, आठवड्याने जाते. वाचताना शब्द ओळखीचे वाटू लागतात आणि आपण त्या ओळखीलाच आठवण समजून बसतो.

तेव्हा असे करा. सुटी वचने वेचू नका, एक लहान स्तोत्र घ्या. तेविसावे घ्या, त्यात सहाच वचने आहेत आणि निम्मे तुम्हांला नकळत येतही असेल. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूंचे पत्त्यांएवढे तुकडे कापा आणि एकेका तुकड्यावर एकेक वचन स्वतःच्या हाताने लिहा. मागे संदर्भ लिहा. पहिल्या दिवशी मोठ्याने तीनदा वाचून तुकडा पालथा घाला आणि आठवून म्हणा. अडखळाल तेथे लगेच उलटून पाहू नका. थोडे थांबा, ओढून काढण्याचा प्रयत्न करा, मग पाहा. तो ओढून काढण्याचा त्रासच कामाचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी न पाहता म्हणा, मग तपासा. नंतर एक दिवस सोडून, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करा आणि त्यांवर ‘रोज’, ‘आठवड्याने’, ‘महिन्याने’ अशी अक्षरे घाला. न अडखळता आलेले वचन पुढच्या कप्प्यात जाते, अडखळलेले निमूटपणे ‘रोज’मध्ये परत येते. सबास्टियन लाइटनर या जर्मन भाषेतील लेखकाने १९७० च्या दशकात अशीच पेटी लोकप्रिय केली. पण ज्या बाईने आयुष्यभर वॉर्डातील औषधांच्या वेळा सांभाळल्या तिला हे वेळापत्रक मी शिकवावे असे नाही.

आता या स्तोत्रात पाठ करणाऱ्यालाच भेटणारी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ येथून सुरुवात करून तुम्ही तिसऱ्या वचनापर्यंत याल तोवर देवाविषयी सगळे ‘तो’ असे बोलणे चालते : तो कुरणात बसवतो, तो पाण्यावर नेतो, तो जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तेथे वाक्य एकदम वळते : ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलू लागतो. मी हे स्तोत्र शेकडो वेळा वाचले होते, पण ते माझ्या ध्यानात आले ते एका लहान मुलाला पाठ करून देताना. तो दर वेळी चौथ्या वचनात ‘तो माझ्याबरोबर आहे’ असेच म्हणायचा आणि मी दर वेळी त्याला ‘तू’ म्हणायला लावायची. चौथ्यांदा सुधारताना माझेच तोंड बंद झाले. पाठांतर करणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते, म्हणून असे शब्द त्याच्या हाती लागतात.

त्याच वचनात ‘तुझी आकडी व तुझी काठी’ आहे. शहरातील मुलांना आकडी म्हणजे काय हे सांगावे लागते. तुमच्या नगरकडच्या माळावर बाभळीच्या फांद्या शेळ्यामेंढ्यांसाठी खाली ओढणारी ती लांब आकडी तुम्ही पाहिलेली आहे. ती एकदा डोळ्यांपुढे आली की ‘आकडी’ आधी की ‘काठी’ आधी, हा गोंधळ पुन्हा होणार नाही.

सहा वचनांना सहा आठवडे लागले तरी लागू द्या. वर्षाला चार-पाच उतारे झाले तरी ते पुष्कळ आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत एक वचन म्हटले की एक चॉकलेट मिळते. माझा आठ वर्षांचा मुलगा दर रविवारी ‘येशू रडला’ म्हणून चॉकलेट घेऊन येतो. बाईंनी ते वचन बंद केले तर त्याने ‘निरंतर प्रार्थना करा’ शोधून काढले. हसावे की रडावे कळत नाही. बक्षिसे बंद करावीत असे मी सुचवले तर मुले येणारच नाहीत, असे उत्तर मिळाले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी हसा. मुलगा हुशार आहे आणि बायबल चाळतो आहे, हे काही थोडे नाही.

चॉकलेटावर माझा राग नाही. माझ्या लहानपणी रंगीत चित्रांची कार्डे मिळत आणि ती मी अजून जपून ठेवली आहेत. राग आहे तो मोजणीवर. वचनांची संख्या मोजली की मुले लहान वचने शोधणारच, आणि स्पर्धेत पन्नास वचने एका दमात ओकून टाकलेले मूल पुढच्या रविवारी त्यांतील दोनही सांगू शकत नाही, हे मी परीक्षक म्हणून बसल्यावर अनेकदा पाहिले आहे. तुमच्या शाळेला असे सुचवा, की नव्या वचनाला काहीच नाही आणि महिन्यापूर्वीचे वचन न अडखळता म्हटले तर चॉकलेट. शिवाय वर्गाने मिळून एकच उतारा घ्यावा. पहिली ओळ एकाने, दुसरी दुसऱ्याने, असे फिरत जावे.

आणि घरी त्या पठ्ठ्याला विचारा, येशू का रडला? योहानाचा अकरावा अध्याय उघडून मार्था आणि मरीया यांचे बोलणे त्याला वाचून दाखवा. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे ज्याला ठाऊक आहे तो त्याच्या कबरेकडे जाताना का रडतो, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलालाही पडतो आणि साठीच्या बाईलाही त्याचे उत्तर पुरते देता येत नाही. दोन शब्दांचे ते वचन मग त्याला चॉकलेटापुरते राहणार नाही.

प्रश्न : आमच्या घरी तीन मराठी बायबले आहेत आणि मुले इंग्रजी शाळेत जातात. कोणत्या भाषांतरातून पाठ करावे? एकाच वचनाचे तीन पाठ तोंडात घोळतात. (एक वाचक, वसई)

उत्तर : आपल्या उपासनेत जे मोठ्याने वाचले जाते ते घ्यावे, कारण मग दर आठवड्याला ते कानांवर पडून आपोआप उजळते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा ते बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र असते. वसईच्या वाचकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जवळचे वाटणे स्वाभाविक आहे, आणि अर्थ कळण्यासाठी ते अवश्य शेजारी ठेवावे. पण पाठ एकच करावे. भाषांतर थोडे जुन्या वळणाचे असले तरी बिघडत नाही. उलट ‘कल्याण व दया’ यांसारख्या शब्दांना जो तोल आहे तो जिभेला लवकर पकडता येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, त्यामागेही कान आणि जीभ यांचा हाच विचार होता : ऐकणाऱ्याला जे म्हणता येते ते त्याच्यापाशी राहते.

मुलांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. शाळेची वचने त्यांनी इंग्रजीत म्हणावीत, हरकत नाही. परंतु आजारी आजीच्या उशाशी बसून जी भाषा बोलायची त्या भाषेतले एक तरी स्तोत्र त्यांना आले पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अपयशी ठरली. निकाल लागला त्या दिवशी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यिर्मया २९:११ चे फुलाफुलांचे चित्र एकवीस वेळा आले. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’ हे वचन तिला लहानपणापासून पाठ आहे, तिने फोन बंद केला आणि म्हणाली, “आई, हे वचन आता माझ्यासमोर कोणी म्हणू नका.” वचनाचाच कंटाळा येणे हे पाप आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. तिला कंटाळा वचनाचा आलेला नाही, ते फेकून मारल्याचा आला आहे. आणि पाठ केलेले वचन नेमके दगडासारखे फेकता येते, हा या साधनेतील खरा धोका आहे. त्याविषयी आपण शब्बाथ शाळेत कधी बोलत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते.

यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे एक पत्र आहे. यरुशलेमेतून धरून बाबेलला नेलेल्या लोकांना ते लिहिलेले आहे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सर्वांसमोर सांगतो, की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना अर्थातच तो आवडला असणार. यिर्मयाचे पत्र त्याच्या उलट आहे : घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या परक्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित चिंता, कारण सत्तर वर्षे लागणार आहेत. सत्तर वर्षे हा आकडा दहाव्या वचनात आहे आणि हिताच्या संकल्पांचे वचन अकरावे आहे. म्हणजे हे पत्र प्रथम ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना स्वतःचे परतणे दिसणारच नव्हते. त्यांना दिलेले आश्वासन खरे होते, पण ते ‘पुढच्या खेपेला नक्की’ असे नव्हते. ग्रुपवरच्या एकवीस जणांनी यिर्मयाचे वचन पाठवले खरे, पण त्यांच्या मनात हनन्याचे दोन वर्षांचे आश्वासन होते.

फिलिप्पैकरांस पत्रातील ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ या वचनाचीही हीच गत आहे. खेळाच्या मैदानापासून परीक्षेच्या पॅडपर्यंत ते सर्वत्र लिहिलेले असते. पौल ते बंदिवासातून लिहितो आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात तो ‘सर्वकाही’ म्हणजे काय ते सांगतो : पोट भरलेले असणे आणि उपाशी असणे, विपुलता आणि टंचाई, या सगळ्यांत राहण्याचे रहस्य तो शिकला आहे. नापास होऊनही उभे राहणे त्यात बसते, पण पास होण्याची हमी त्यात कोठेही नाही.

संदर्भ तोडून वचन म्हणण्याचे सर्वांत भेदक उदाहरण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. मंदिराच्या शिरोभागी उभे राहून ‘खाली उडी टाक’ असे म्हणताना सैतान एक्याण्णवाव्या स्तोत्रातील वचन म्हणतो. त्याचे पाठांतर चांगले आहे. प्रभूने तिन्ही वेळा अनुवादातील वचनांनी उत्तर दिले, आणि अनुवादाचे ते अध्याय इस्राएल लोकांच्या अरण्यातील चाळीस वर्षांविषयी आहेत. प्रभू स्वतः त्या वेळी अरण्यात चाळीस दिवस उपाशी होता. त्याने नुसते वचन उचलले नाही, ज्या प्रसंगासाठी ते होते त्या प्रसंगात उभे राहून ते म्हटले.

ही चूक आपल्याकडून इतकी सहज होते त्याला छपाईचाही थोडा हातभार आहे. अध्याय पाडले ते तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांनी, असे मानतात. नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. पौलाने पत्र लिहिताना आकडे घातले नव्हते. आकडे आले, उतारे सापडणे सोपे झाले, आणि द्राक्षाच्या घडातून एकेक मणी तोडावा तसे आपण वचन तोडू लागलो. म्हणून मी वर परिचारिकाताईंना सुटी वचने नकोत, स्तोत्र घ्या, असे सांगितले. सुटे वचन पाठ करायचेच असेल तर त्याच्या आधीचे एक आणि नंतरचे एक, अशी तीन करावीत.

मुलीला सध्या काही म्हणून दाखवू नका. नीतिसूत्रे २५:२० मध्ये खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचे वस्त्र काढून घेणे, असे म्हटले आहे. ते वचन मात्र ग्रुपवरच्या एकवीस जणांना पाठ करायला सांगावे, असे माझ्या मनात आले. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ते चांगले मित्र होते. तुम्ही तिच्या आवडीचे काही करून तिला जेवायला बसवा. विलाप करणारी स्तोत्रे आहेत, बाविसावे आहे, अठ्ठ्याऐंशीवे आहे. तिला वाटेल तेव्हा ती ती उघडील.

प्रश्न : बायबल आता खिशातल्या फोनवर आहे, शोधले की क्षणात सापडते. मग पाठ करण्याचा खटाटोप कशाला? (एक वाचक, नवी मुंबई)

उत्तर : शोधण्यासाठी आधी काय शोधायचे ते आठवावे लागते. शिवाय ज्या वेळी वचनाची खरी गरज पडते त्या वेळी फोन हातात असतोच असे नाही; अतिदक्षता विभागाच्या दारात तो काढून घेतात आणि रात्री तीन वाजता डोळे मिटून पडलेल्या माणसाला पडद्याचा उजेड नको असतो. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये पाखोमियस यांच्या मठांत नवा माणूस आला की त्याला आधी वीस स्तोत्रे किंवा दोन पत्रे पाठ करायला देत, आणि निदान नवा करार व स्तोत्रसंहिता मुखोद्गत नाही असा कोणी मठात नसावा, असा नियम होता. ७८७ साली निकेया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने तर स्तोत्रसंहिता तोंडपाठ असल्याशिवाय कोणाला बिशप करू नये असे ठरवले. पोथी दुर्मीळ होती हे त्यामागचे एक कारण खरेच. पण ते साधू चटया विणताना वचने म्हणत, आणि दोन्ही हात कामात असलेल्या माणसाला पोथी काय नि फोन काय, सारखेच निरुपयोगी.

प्रश्न : माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिला विस्मरणाचा आजार आहे. मी तिचा मुलगा, पण ती मला ‘भाऊ’ म्हणते आणि जेवली की नाही हे तिला आठवत नाही. मात्र मी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढे म्हटले की ती पुढचे सगळे म्हणते. मला कधी रडू येते, कधी वाटते की ही फक्त जिभेची सवय आहे, तिला त्यातले काही कळत नसेल. ही प्रार्थना म्हणायची का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : भाऊ, तुमचे पत्र मी दोनदा वाचले.

या आजारात अलीकडचे आधी जाते, आणि लहानपणी वारंवार म्हणून, गाऊन घट्ट झालेले बरेच उशिरापर्यंत राहते. त्यामुळे तुमच्या घरी घडते आहे ते वेगळे किंवा अद्भुत नाही, अनेक घरांत घडते. तुमची आई ते स्तोत्र बहुधा साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणा बाईंसमोर हाताची घडी घालून शिकली असेल. तिला आज त्यातले किती कळते हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हांलाही ते तपासण्याची गरज नाही. आपल्याला पूर्ण कळते तेव्हाच आपली प्रार्थना ही प्रार्थना असते, असे असेल तर माझ्या स्वतःच्या फार थोड्या प्रार्थना त्यात बसतील.

एक करून पाहा. सबंध स्तोत्र तुम्ही म्हणू नका. रोज ठरलेल्या वेळी, शक्य तर दिवा लावल्यावर, तिचा हात हातात घेऊन पहिले अर्धे वचन म्हणा आणि थांबा. उरलेले तिच्यासाठी ठेवा. ती अडली तर घाई करू नका. दहा-पंधरा क्षण जाऊ द्या, ओठ हलतात का पाहा, आणि मग एकच शब्द पुढे करा. तिने वचने मागेपुढे केली तर दुरुस्त करू नका. तिला येणारी जुनी गीतेही अशीच अर्धी म्हणून पाहा. ‘उपासना संगीता’तील तिच्या आवडीची कोणती, हे तिच्या बहिणींना किंवा जुन्या शेजारणींना ठाऊक असेल. चौथ्या वचनापाशी ती ‘तू माझ्याबरोबर आहेस’ म्हणेल तेव्हा तिचे तोंड तुमच्याकडे असले, तर ती तुम्हांलाच म्हणते आहे असे समजायला माझी काही हरकत नाही.